सर्व्होला कानांनी धरू नका

छोट्या सर्व्हो मोटरला, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरणाऱ्या मोटरला, दोन्ही बाजूंना स्क्रूच्या भोकांचे जे कान असतात, ते मुळात रेडिओ कंट्रोलच्या विमानांसाठी. तिथे सर्व्होने पंखाची नाहीतर शेपटीची झडप हलवायची. जोर येतो तो हवेचा, आणि त्रास असायचा इंजिनाच्या थरथरीचा. मोठ्या सर्व्होबरोबर रबरी बुश आणि पितळी आयलेट मिळतात ते या थरथरीसाठीच. लढणाऱ्या रोबोत मात्र समोरच्याचं फिरतं पातं थेट उचलणाऱ्या हातावर येऊन आदळतं. हा मार कानांनी सोसावा अशी अपेक्षाच चूक आहे.

मी भोसरीत टूलरूममध्ये जिग-फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर काम चालू असताना वस्तू जागेवर धरणाऱ्या साच्यांचं काम करतो. आमच्या सोसायटीतली इंजिनिअरिंगची मुलं रोबोवॉरसाठी रोबो बनवतात आणि अडलं की व्हर्निअर मागायला घरी येतात. त्यांचे रोबो बघून माझं मत पक्कं झालंय की सर्व्हो बसवणं हे फिक्स्चरचंच काम आहे. वस्तू जागेवर टेकवणं वेगळं आणि ती आवळणं वेगळं. जोर टेकणाऱ्या भिंतींनी खायचा. स्क्रूचं काम एवढंच, की वस्तू निसटू नये.

आधी हिशेब करू. एसजी९० हा ९ ग्रॅमचा निळा सर्व्हो ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर, म्हणजे वजन गुणिले हाताची लांबी) देतो. ब्रिटनमधल्या अँटवेट गटात रोबो १५० ग्रॅमचा असतो आणि तो ४ इंचांच्या घनात मावावा लागतो. असा रोबो एका बाजूने उचलायचा तर टोकावर निम्मं वजन येतं, म्हणजे ७५ ग्रॅम. हात ५ सेंमीचा धरला तर ०.३७५ किलो-सेंमी. सर्व्होला हे सहज जमतं. पण त्याच टोकावर १० किलोचा दणका बसला, तर शाफ्टवर ५० किलो-सेंमी येतात. ते झेलायला काय आहे? गिअरचे प्लास्टिकचे दाते आणि २ मिमीच्या भोकाभोवतीची कानाची पातळ कड.

म्हणून कप्पा करा. एसजी९०ची बॉडी साधारण २२ बाय १२ मिमी आहे, पण बाजारात नकला इतक्या आहेत की कागदावरचं माप घेऊ नका. हातातला सर्व्हो मोजा. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर प्रत्येक बाजूला ०.१-०.२ मिमी मोकळीक ठेवून आधी नुसत्या कप्प्याचा छोटा तुकडा छापून बघा. शाफ्ट फिरतो तेव्हा केस उलट्या दिशेने पिळली जाते. ही पिळण २२ मिमीच्या लांब भिंतींनी अडवायची. आमच्याकडे ३-२-१ म्हणतात: तीन बिंदू तळाला, दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला. त्या सहा ठिकाणी सर्व्हो नीट टेकला, की वरून एक पट्टी टाकून दोन एम३ स्क्रूंनी दाबा. स्क्रू प्रिंटमध्ये थेट पिळू नका. नट अडकवायला खाच ठेवा किंवा पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) गरम करून बसवा. वायर निघते तिथे भिंतीला खाच हवीच, नाहीतर आवळताना वायर चेपते. कप्पा टीपीयूचा (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा) असेल तर धक्का थोडा मुरतो, पण पट्टी कडक हवी.

दीड किलोच्या रोबोत स्टँडर्ड सर्व्हो येतो. तिथे एक छान सोय आहे. केस जोडणारे चार लांब स्क्रू खालून वरपर्यंत जातात. ते काढून थोडे जास्त लांबीचे घातले की सर्व्हो तळाच्या प्लेटला चारही कोपऱ्यांत धरता येतो. कानांची गरजच उरत नाही, आणि ते कापले तर जागाही वाचते.

दुहेरी फोम टेप १५० ग्रॅमच्या गटात चालते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लावली तर. ती सरकवणारा जोर बरा पेलते, पण कडेने सोलली की सुटते. ग्लूगन मला पटत नाही. सर्व्हो अडकून तापला की तो गोंद मऊ पडतो.

आता माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं. केस कितीही घट्ट बसवा, हात थेट हॉर्नवर (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या पट्टीवर) लटकत असेल तर मार शाफ्टलाच बसणार, कारण शाफ्टला आधार एकाच बाजूने असतो. हाताला स्वतःचा स्टीलचा अ‍ॅक्सल द्या, दोन्ही टोकांना बुश, आणि तो अ‍ॅक्सल चेसिसमध्ये बसवा. सर्व्होने छोट्या रॉडने हात फक्त ढकलायचा. रॉडच्या टोकांना बॉल लिंक (गोळीवर सगळीकडे वळणारा सांधा) लावली, तर दोन अक्ष अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असले तरी अडत नाही. बाजूने येणारा मार मग अ‍ॅक्सलवाटे चेसिसमध्ये जातो. वरून हात दाबला गेला तर गिअरवर ताण येतोच. त्यासाठी हाताखाली चेसिसचाच एक ठोकळा ठेवा, खालच्या स्थितीत हात त्यावर टेकलेला राहू दे.

हॉर्नच्या स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) मेटल गिअर असेल तरच लावा, तोही सुईच्या टोकाएवढा. केसवर किंवा पॉलिकार्बोनेटच्या झाकणावर ओघळला तर प्लास्टिकला तडे जातात. आणि सर्व्होच्या कनेक्टरपर्यंत आपली बोटं पोचतील अशी जागा सोडा. दोन लढतींच्या मधल्या वेळात पट्टीचे दोन स्क्रू, हॉर्नचा एक आणि कनेक्टर, एवढ्यात नवा सर्व्हो बसला पाहिजे.