भीती नाही वाटली का?
लग्नाकार्यात आजही कुणी ना कुणी विचारतंच, "आशाताई, कोरोनात तुम्ही घरोघर फिरायचात, भीती नाही वाटली?"

वाटली की. २०२० च्या सप्टेंबरात 'माझं कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आम्हा आशा सेविकांच्या हातात ताप मोजायची बंदूक आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आला. पहिले चार दिवस मी रात्री अंथरुणात सारखं त्या चिमट्यात बोट घालून बघायचे. ९७. ९६. एक आकडा उतरला की छातीत धस्स! नवरा म्हणायचा, "अगं, धीर धर." धीर काय असा मागून मिळतो?

मग एका घरी आजींचा आकडा आला ८६. ९५ च्या खाली गेलं की फीवर क्लिनिकला पाठवायचं, असं आम्हाला सांगितलेलं. सुनेनं तोंडाला पदर लावला, शेजारचं दार धाडकन बंद झालं. माझेही हात थरथरत होते. पण आजींना ना धाप, ना खोकला, उलट "चहा टाकू का गं?" म्हणून मलाच विचारत होत्या. मग लक्षात आलं, त्या आत्ताच भांडी घासून उठल्यात, बोटं बर्फासारखी गार. हात चोळायला लावले, स्वस्थ बसवलं, दुसरं बोट घेतलं, आकडा ठरेपर्यंत थांबले. ९७! गार बोट, नखावरची मेंदी, हलता हात, कशानंही ते यंत्र फसतं. प्रशिक्षणात हे ऐकलं होतं, पण हातात उतरलं ते त्या ओसरीवर.

त्या रात्रीपासून स्वतःचं बोट सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वहीत लिहायचं, बस्स. जेवणानंतर व्हॉट्सअ‍ॅप बंद. लोकांनाही सहा मिनिटं चालून आकडा उतरतो का, ते बघायला शिकवलं. आधी मला दारातूनच हाकलणारे एक काका पुढे घड्याळ घेऊन अख्ख्या आळीला अंगणात चालवायचे! (मास्क वेळेवर मिळाले असते तर मलाही धीर जरा लवकर आला असता, पण ते असो.)

दुसऱ्या लाटेत त्याच काकांचा आकडा ८४ आला. बोट ऊबदार होतं. दुसरं बोट घेतलं, पुन्हा ८४. मी १०८ ला फोन लावला, त्यांना पालथं झोपवलं आणि गाडी येईपर्यंत दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत राहिले. काका बरे होऊन घरी आले. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावरचं अक्षर मात्र मलाच लागत नाही, इतकं वेडंवाकडं आलंय.