उपग्रह असताना बर्फात नळी कशाला?

‘उपग्रह रोज अख्ख्या हिमालयाचा फोटो काढतो, मग भाक्रा धरणात किती पाणी येणार ते सांगायला वर यंत्रं कशाला रोवायची?’ प्रश्न रास्त आहे. भाक्रा ज्या नदीवर आहे त्या सतलजच्या वर्षभराच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा बर्फ आणि हिमनद्यांचा. पावसाळ्याआधी गोविंदसागरात, म्हणजे भाक्र्याच्या जलाशयात, काय येईल, ते हिमाचलातल्या स्पिती-किन्नौरवर हिवाळ्यात काय साचलं यावर ठरतं.

पण उपग्रहाला पसारा दिसतो, साठा नाही. बर्फ हिरव्या प्रकाशात लख्ख आणि १.६ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात जवळजवळ काळा. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनं भागायचं, उत्तर ०.४ च्या वर गेलं की बर्फ, हा ढोबळ नियम. मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका ५०० मीटरचा. देवदारांखालचा बर्फ त्यातून निसटतो, हिमकणांचे विरळ ढग बर्फ म्हणून मोजले जातात. शिवाय बर्फ पडतो तेव्हा वर ढग असणारच! म्हणून आठ दिवसांची चित्रं एकत्र करतात आणि एकदा जरी बर्फ दिसला तरी ठिपका पांढरा धरतात. दोन दिवसांत विरघळलेला थर मग नकाशावर आठवडाभर बसून राहतो.

पाणी म्हणजे खोली गुणिले घनता. ८० सेंमी मुरलेला बर्फ, घनता घनमीटरला ३०० किलो, म्हणजे २४० मिमी पाणी. तेवढाच ताजा, १०० किलोचा, म्हणजे फक्त ८० मिमी. वरून दोन्ही सारखेच पांढरे. म्हणून नळी. ५० चौरस सेंमी तोंडाची नळी उभी दाबायची, आतल्या बर्फाचं वजन करायचं. १२०० ग्रॅम भरलं तर २४ सेंमी पाणी. नळीच्या टोकाला माती लागली आहे का, ते आधी पाहायचं. नसेल तर नळी मधल्या गोठलेल्या थरावर अडली, पुन्हा दाबा. असेल तर ती खरवडून मगच वजन.

खांबावरून खाली आवाज सोडून, प्रतिध्वनीवरून बर्फापर्यंतचं अंतर आणि त्यातून खोली काढणारा ध्वनी-सेन्सर उणे २० अंशांत फसतो, कारण थंड हवेत आवाज हळू चालतो. तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर चार मीटरमागे १५ सेंमी अंतर जास्त दिसतं, म्हणजे बर्फ तेवढा कमी. त्यात तापमापकही खोटं बोलतो: वारा पडला की बर्फावरून उसळलेलं ऊन त्याला खालून तापवतं.

सर्वांत बेभरवशाचं म्हणजे आपल्याकडचं टिपिंग बकेट, म्हणजे पाण्यानं भरलं की कलंडणाऱ्या छोट्या भांड्याचं पर्जन्यमापक. त्याचं नरसाळं बर्फानं बुजतं आणि निरभ्र दुपारी वितळून ‘पाऊस’ नोंदवतं. सोलर पॅनेल जवळजवळ उभं लावा, नाहीतर बर्फाखाली जाईल. चार्जिंग उतरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतलं आम्ल पातळ होऊन गोठतं आणि बॅटरी फुटते.

आता उरतं तिबेट. भाक्र्यापर्यंतच्या सुमारे ५७,००० चौरस किमी पाणलोटापैकी निम्म्याहून बराच जास्त भाग शिपकी-ला या सीमेवरच्या खिंडीच्या पलीकडे आहे. तिकडे नळी घेऊन जाता येत नाही; तिथे तो ५०० मीटरचा ठिपकाच वापरावा लागतो.