नाही, म्हणजे हो

दुपारी अडीच-तीनची वेळ. खाली बाकावर दोघींच्या गप्पा रंगल्यात. एक म्हणते, "भेंडीवर झाकण ठेवतेस ना, म्हणून तार सुटते." त्यावर दुसरी अगदी ठामपणे, "नाही, खरंय तुझं."

आता यात 'नाही' कशाला आलं? पण येतं. "नाही, छानच दिसतेय साडी." "नाही, आम्ही येणारच होतो." घसा खाकरून बोलायला लागावं तसं आपण 'नाही' म्हणून होकाराला लागतो. चहाच्या बाबतीत तर याचं शास्त्रच झालंय. पहिलं "नको, आत्ताच घेऊन निघालो" म्हणजे नुसतं नमस्कार-चमत्कार. दुसरं "कशाला उगाच" म्हणजे आधण ठेवायला हरकत नाही. तिसऱ्यांदा "बरं, अगदी घोटभर" म्हणजे भरून कप, आणि सोबत काही असेल तर तेही. पहिल्याच नकाराला "बरं" म्हणून गप्प बसणारा यजमान आयुष्यभर लक्षात राहतो.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं, कारण समोर नेमकं 'हो'चं प्रकरण उघडं होतं. टीना फे या अमेरिकन विनोदी लेखिका-अभिनेत्रीचं 'बॉसीपँट्स', 2011 सालचं. मुखपृष्ठावर चेहरा तिचा आणि हात मात्र कुणा केसाळ पुरुषाचे. पुस्तक चाळणारा पाचातला एक तरी आधी ते हात परत निरखतो आणि मग हळूच आपलेही बघतो. शीर्षकाला मराठीत काय म्हणावं? 'दीडशहाणी' जवळ जातं, पण 'आगाऊ' बरं. खेळात चौघींना कामं वाटून द्यायला लागली की पोरीला जे ऐकावं लागतं ते. तेच काम मुलाने केलं तर त्याच्यात पुढारीपण दिसतं.

तर ते प्रकरण इम्प्रॉव्हचे नियम सांगणारं आहे. इम्प्रॉव्ह म्हणजे संहिता नसलेलं नाटक. शीर्षकातच हमी दिलीय की हे नियम तुमचं आयुष्य बदलतील आणि पोटाचा घेरही कमी करतील, आणि तळटीपेत घेराची हमी मागे घेतलीय. पहिला नियम, हो म्हणा. दुसरा, हो म्हणून थांबू नका, 'हो, आणि' म्हणा. तिसरा, प्रश्न विचारत बसू नका, विधान करा. चौथा, इथे चूक असं काही नसतंच.

कागदावर हे नियम एखाद्या कॅलेंडरवरच्या सुविचारासारखे वाटतात. मंचावर त्यांचं काम सुतारकामाइतकं काटेकोर असतं. रिकामा मंच, दोन-तीन खुर्च्या, प्रेक्षकांतून मागून घेतलेला एक शब्द. पहिल्या तीन-चार वाक्यांत कोण, कुठे आणि काय चाललंय एवढं ठरायला हवं, नाहीतर पुढची दोन मिनिटं चाचपडण्यात जातात. फेचं उदाहरण असं: एकाने बोट रोखून धरलं आणि म्हणाला, "हलू नकोस, माझ्याकडे बंदूक आहे." समोरचा म्हणाला, "हे तर तुझं बोट आहे." संपलं. तेच समोरच्याने "अरे, नाताळात मी तुला दिलेली बंदूक माझ्यावरच रोखतोस?" असं म्हटलं, की बंदूक खरी होते, दोघांचं नातं ठरतं आणि भांडणाला कारणही मिळतं. एका वाक्यात तीन कामं.

मग नवखे नट "हे बोट आहे" का म्हणतात? कारण त्यावर हशा येतो. हमखास येतो, आणि हीच त्यातली गोम. तो हशा साथीदाराच्या खिशातून काढलेला असतो. पुढच्या वाक्याला दोघांच्याही हातात काही राहत नाही. जाणकार प्रेक्षक अशा वेळी हसतो आणि लगेच खुर्चीत मागे रेलतो, ते पाहण्यासारखं असतं.

नुसत्या 'हो'चंही खरं नाही. "पाऊस आला." "हो, आला." "छत्रीही नाही." "हो ना." हे आपलं हो ला हो. यात एकजण ओझं वाहतो आणि दुसरा बरोबर चालतो. "हो, आणि गच्चीवर पापड वाळताहेत" म्हटलं की मग दोघंही पळायला लागतात.

हे सगळं अमेरिकेतून शिकायची खरं तर गरज नाही. भातुकली आठवा. बोटाएवढ्या कपात काहीही नसतं, तरी "फार गोड झाला हं" म्हणून परत दिला जातो. "यात तर काहीच नाहीये" म्हणणारा एखादा मोठा भाऊ आला की डाव मोडतो, आणि त्याला हाकलून देण्याचा अधिकार खेळात सगळ्यांनाच असतो. इम्प्रॉव्हच्या शाळेत रिकाम्या हातात कप धरायला शिकवतात: बोटं आणि अंगठा यांच्यामध्ये कपाच्या जाडीएवढी जागा ठेवायची, हातवारे करण्याआधी कप खाली ठेवायचा. नवख्याचा कप बोलण्याच्या भरात विरून जातो. नाहीतर मघाशी जिथे टेबल होतं तिथून तो आरपार चालत जातो. भातुकलीत ही चूक लगेच पकडली जाते. चुलीच्या जागेवर पाय पडला की चारी बाजूंनी आरडाओरडा, "अगं, भाजशील!"

गंमत म्हणजे अमेरिकन इम्प्रॉव्हचं मूळही पोरांच्या खेळातच आहे, आणि ते एका बाईकडे जातं. व्हायोला स्पोलिन. शिकागोच्या हल हाऊस या समाजसेवा केंद्रात ती नेव्हा बॉइड या शिक्षिकेकडून मुलांचे खेळ शिकली. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी योजनेत नाट्यवर्ग घेताना परदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी तिने त्या खेळांतून नाटकाचे खेळ बांधले. पोरांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या, तेव्हा पाठ केलेले संवाद काय कामाचे? तिचा मुलगा पॉल सिल्स आणि त्याच्या दोघा सोबत्यांनी 1959 मध्ये शिकागोत सेकंड सिटी हे थिएटर काढलं. आईचे खेळ मुलाच्या रंगमंचावर आले. फे त्याच थिएटरात तयार झाली. दिवसा वायएमसीएच्या स्वागतकक्षात नोकरी आणि बाकी वेळात इम्प्रॉव्हचे वर्ग.

तिथेच पुस्तकातला, माझ्या मते, सगळ्यात धारदार प्रसंग घडतो. 1995 मध्ये सेकंड सिटीच्या प्रत्येक चमूत चार पुरुष आणि दोन बायका असत. कुणीतरी सुचवलं, तीन-तीन करून बघू. चालवणारे घाबरले. म्हणाले, बायकांना पुरेशा भूमिका मिळणार नाहीत. फे डोक्याला हात लावते: इथे कुणी लिहिलेलं नाटक बसवत नाहीये, सगळा खेळ आपणच रचतोय, मग भूमिका कमी पडतीलच कशा? 'हो, आणि' शिकवणाऱ्या घरातच 'हो, आणि' गेलं कुठे? भातुकलीत सहावी मुलगी आली म्हणून जागा संपल्याचं कुणी ऐकलंय का? ती शेजारीण होते, डॉक्टरीणबाई होते, अगदीच काही नाही तर कालच गावाहून आलेली मावशी होते. पुढे तीन-तीन झालंच आणि ती तिसरी बाई म्हणजे फे. आपण बाई म्हणून निवडले गेलो नाही, हे ती मुद्दाम सांगते. एमी पोलर ही नटी न्यूयॉर्कला निघून गेली होती आणि तिच्या खालोखाल आपणच होतो म्हणून, एवढंच.

'स्त्रियांना बळ देणारं पुस्तक' म्हणून याचं कौतुक होतं. त्या कौतुकात पुस्तकातली क्रूझवरची मधुचंद्राची सहल, फोटोशूटची खबरबात असं सगळंच एका टोपलीत जातं. ती प्रकरणं हसवतात, पण अशी प्रकरणं आणखीही कुणी लिहू शकेल. बळ मला दिसतं ते व्याकरणात. तिसरा नियम घ्या, विधान करा. नटाने "आपण कुठे आहोत? तू कोण? त्या खोक्यात काय आहे?" असं विचारत राहणं म्हणजे रचण्याचं काम दुसऱ्यावर ढकलणं. इथे फे बायकांना बाजूला घेऊन बजावते, की विधानालाही शेवटी प्रश्नाची हेल काढू नका. कुठलीही शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर "मी तुमचं ऑपरेशन करणार आहे?" अशा सुरात बोलली तर पेशंट उठून जाईल.

आपल्याकडे ही हेल वाक्याच्या सुरुवातीलाच लागते. "मला काय कळतंय म्हणा, पण..." "एक विचारू का?" "असं केलं तर चालेल का?" आणि या सगळ्यांचा मुकुटमणी, "मी काय म्हणते..." ऐकणाऱ्याला वाटतं विचारतेय, पण तिचा निर्णय परवाच झालेला असतो. घरात हे चालतं, उलट घरात हे फार मुरलेलं शस्त्र आहे. मीटिंगमध्ये मात्र "मी काय म्हणते" आणि पुढचं वाक्य यांच्यामध्ये जी अर्ध्या श्वासाची फट राहते, तिच्यातून कुणीतरी आत शिरतो आणि तीच कल्पना विधान करून मांडतो.

आणखी एक कारागिरीची गोष्ट. मंचावर आधी बोलेल तो दुसऱ्याला भूमिका देतो. "काय गं, जेवण झालं का तयार?" म्हटलं की समोरची बायको झाली. नाकारायचं तर नियम मोडतो, स्वीकारायचं तर पोळ्या लाटत बसा. मुरलेली नटी 'आणि'वर जोर देते: "हो, झालं की, आणि न्यायाधीश वाढून घेताहेत. घटस्फोट जेवणाआधी की नंतर?" बायकोच राहिली ती. पण खेळ आता ती चालवतेय.

1997 मध्ये फे 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाची लेखिका झाली आणि 1999 मध्ये तिथली पहिली स्त्री मुख्य लेखिका. त्या कार्यक्रमाचा आठवडा ठरलेला: सोमवारी कल्पना, मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी चाळीसेक स्किट्सचं टेबलाभोवती वाचन, शनिवारी रात्री आठला रंगीत तालीम, साडेअकराला थेट प्रक्षेपण. कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून होतो, हे निर्माते लॉर्न मायकेल्स यांचं म्हणणं तिने जपून ठेवलंय. खरी चाळणी बुधवारची. तिथे जे हसवत नाही ते पडतं, आणि हसणं टेबलाभोवती कोण बसलंय त्यावर ठरतं. लेखक आणि लेखिकांमध्ये फरक काय, याचं फेचं संशोधन थोडक्यात असं: पुरुष कपात लघवी करून ठेवतात. ती हे अशा गांभीर्याने नोंदवते की खंडनाला जागाच राहत नाही.

आणि मग ती पॅडच्या जाहिरातीची गोष्ट. एका लेखिकेने विडंबन लिहिलं होतं: जुन्या काळचे पट्ट्याचे सॅनिटरी पॅड आता 'क्लासिक' म्हणून परत बाजारात. कमरेला इलॅस्टिकचा पट्टा, पुढे-मागे आकडे, त्यांत पॅडची टोकं अडकवायची आणि हे सगळं लो-वेस्ट जीन्सच्या वर ऐटीत दिसू द्यायचं. कमरेच्या पट्ट्यात घडी खोचण्याचा उद्योग ज्यांनी केला किंवा आईकडून ऐकला, त्या नुसत्या वर्णनालाच हसतील. तिथल्या निर्मात्यांच्या गळी मात्र ते उतरेना. विषय पुढे ढकलला जात राहिला. शेवटी बसून बोलणं झालं तेव्हा लक्षात आलं, यात डावलणं-बिवलणं काही नव्हतं. तो पट्टा असतो कसा, दिसतो कुठे, हेच त्या पुरुषांना ठाऊक नव्हतं. कळल्यावर चित्रीकरण झालं आणि लोक हसले.

हा प्रसंग मला थोडा सोपा वाटतो, हे सांगायला हवं. समजावून सांगायला आत बसलेली मुख्य लेखिका होती म्हणून ते समजलं. दाराबाहेरच्या मुलीने पट्ट्याचं चित्र काढून दाखवलं असतं तर ते कुणी पाहिलं असतं का?

एवढं 'हो'चं पुराण वाचल्यावर पुस्तकातला सगळ्यांना पाठ झालेला प्रसंग येतो तो नकाराचा. एमी पोलर कार्यक्रमात नवीन आलेली. बुधवारच्या वाचनाआधी लेखकांच्या खोलीत ती काहीतरी आचरट, आरडाओरड्याचं, बाईच्या जातीला न शोभणारं करत होती. कार्यक्रमातला नट जिमी फॅलन लाडिक किळस आणून म्हणाला, थांबव ते, ते गोड दिसत नाहीये, मला नाही आवडत. ती क्षणभर थांबली, त्याच्याकडे वळली आणि एक सणसणीत शिवी घालून म्हणाली, तुला आवडतंय की नाही याची मला पर्वा नाही. आणि पुन्हा आचरटपणा सुरू. दोघं चांगले मित्र, हे फे लगेच सांगून टाकते. पण त्या क्षणी जग थोडं सरकलं, असं तिला वाटलं.

नियमाने पाहिलं तर डाव फॅलनने मोडला होता. रंगात आलेल्या खेळाला "हे तर तुझं बोट आहे" म्हणणारा तो होता. पोलरने फक्त बंदूक खाली ठेवली नाही.

खाली भेंडीचा विषय संपून लेकीच्या बदलीवर गाडी आलीय. "नाही, चल, निघते आता," पहिली म्हणते. "नाही, नीघच तू, उशीर झाला," दुसरी म्हणते. या गोष्टीला आता वीस मिनिटं होत आली.