दोन श्रेयांकांचा पाठ्यक्रम: सुरुवात तासिकांपासून

'शैक्षणिक विचारवंत' या दोन श्रेयांकांच्या (क्रेडिट) विषयाचा पाठ्यक्रम लिहायला घेतला तेव्हा उद्दिष्टांचा रकाना मी कोराच ठेवला आणि आधी तासिका मोजल्या. एका श्रेयांकाला १५, म्हणजे एकूण ३०. चाचणी, सादरीकरणं आणि उजळणी यांत ६ जातात. उरल्या २४.

आधीच्या आराखड्यात आठ विचारवंत होते, प्रत्येकी ३ तासिका. तेवढ्या वेळात चरित्र, ग्रंथांची नावं आणि 'विचार' यांचे मुद्दे उतरवून देण्यापलीकडे काही होत नाही. वर 'चिकित्सक वृत्ती' असं कितीही लिहा, वर्गात पाठांतर होणार हे तासिकांच्या रकान्यातच ठरलेलं असतं. म्हणून तिघेच ठेवले: महात्मा फुले, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई आणि गांधीजी. प्रत्येकी ८.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढचं फुल्यांचं १८८२ सालचं निवेदन इथे फार उपयोगी पडतं, कारण त्यात चक्क प्राथमिक शाळेचा पाठ्यक्रम आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. ही शाळा कोणासाठी आहे, ते यादी वाचताच कळतं. विद्यार्थ्यांना याच यादीला आठवड्याचे तास वाटून द्यायला सांगायचं. शेतीला किती, व्याकरणाला किती, यावर वर्गात जो वाद होतो तेच शिक्षणाचं तत्त्वज्ञान. पुढे १९३७ च्या वर्धा परिषदेतली नई तालीम, म्हणजे गांधीजींची शिक्षणयोजना, घेतली की हा तक्ताच मोडतो, कारण तिथे हस्तोद्योग हा वेगळा विषय नसून इतर विषय शिकवण्याचं माध्यम आहे.

निष्पत्ती, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता येईल ती विधानं, यानंतर लिहिल्या, चारच. 'समजेल', 'माहिती होईल' ही क्रियापदं काढली, कारण ती तपासायची कशी? त्याऐवजी 'तुलना करता येईल', 'कारणं देऊन निवड करता येईल'. प्रत्येक निष्पत्तीपुढे एक नमुना प्रश्नही जोडला. नेमकं इथेच बहुतेक पाठ्यक्रम फसतात: निष्पत्तीत 'विश्लेषण', प्रश्नपत्रिकेत 'टिपा लिहा'. विद्यार्थी अभ्यास करतो तो प्रश्नपत्रिकेचा.

विद्यापीठात त्या विषयाचे पाठ्यक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत आणखी नावं सुचवली जातातच आणि ती नावं चांगलीच असतात. अशा वेळी तासिकांचा तक्ता पुढे ठेवून कोणाच्या तासिका कमी करायच्या एवढंच विचारायचं. पाठ्यक्रम पुढच्या मंजुरीसाठी विद्याशाखा आणि विद्या परिषदेकडे जाण्यापूर्वी हा वाद मिटलेला बरा.

सत्र संपल्यावर प्रत्यक्ष लागलेल्या तासिकांचा रकाना जोडला. फुल्यांना १० लागल्या होत्या. जादाच्या दोन ड्यूईंच्या वाट्यातून काढल्या.