ऐरोलीची खाडी ते रबाळ्याचा नाला: पाण्याच्या मागं मागं

ठाण्याहून वाशी-पनवेलची ट्रान्स हार्बर लोकल पकडली आणि डाव्या हाताची खिडकी मिळाली तर दिघा सोडल्यापासून तुर्भ्यापर्यंत एकच दृश्य असतं, ठाणे-बेलापूर रोड, त्याच्या पलीकडे एमआयडीसी आणि मागं पारसिकचा डोंगर. उजवीकडं बसलात तर इमारती आणि त्यांच्यामागं कुठंतरी खाडी. बहुतेक लोक रोज मोबाईल बघत हा पट्टा पार करतात, पण मला फार दिवसांपासून वाटत होतं की डावीकडचं पाणी उजवीकडं कसं जातं ते एकदा नीट चालत बघायचं. डावीकडं कारखाने आहेत, उजवीकडं फ्लेमिंगो आहेत, मधे नाले आहेत, आणि या तिघांचं एकमेकांशी काय चाललंय ते बघायला यापेक्षा चांगली जागा आपल्याकडं नाही असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारीतली सकाळ होती. ऐरोलीला उतरून रिक्षा केली आणि दिवा गावाच्या बाजूला जे सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथं गेलो. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात म्हणून आधी चौकशी करून जा, नाहीतर चिखलाकडं बघत बसावं लागतं. बोट सुटली की दोन्ही बाजूंना तिवरं, मधेच चिपीची झाडं, चिखलातून वर आलेली त्यांची श्वास घेणारी मुळं, आणि थोडं पुढं गेल्यावर तो गुलाबी पट्टा दिसला. लांबून वाटतं कोणीतरी कापड वाळत घातलंय, मग ते हलतं.

या खाडीचा काही भाग, सुमारे १६९० हेक्टर, २०१५ च्या ऑगस्टमध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. पण त्याच्या आधी २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडण्यावर आणि त्यात भराव टाकण्यावर बंदी घातली होती, २०१२ मध्ये तिवरांसाठी वनखात्याचा कांदळवन कक्ष झाला. हे सगळं झालं नसतं तर आज बोटीतून काय दिसलं असतं याचा विचार करवत नाही, कारण दोन्ही काठांवर जमिनीचे भाव काय आहेत ते आपण जाणतो. कायदे नुसते कागदावर असतात असं म्हणणाऱ्यानं एकदा या बोटीत बसावं.

बोट चालवणारे दादा इथलेच. त्यांना विचारलं मासे मिळतात का अजून, तर म्हणाले, "पयले खारीन जालं टाकलं का जितारा मिलाचाच, आता निवट्या पन शोधाला लागतान." जितारा म्हणजे जिताडा, खाडीतला मोठा मासा, आणि निवट्या चिखलातला छोटा. त्यांचे वडील मासेमारीच करायचे, हे बोट चालवतात, आणि पगार बरा आहे असंही म्हणाले. पण अभयारण्याचं काम सोडलं तर गावातल्या बाकीच्या पोरांना खाडीतून काहीच मिळत नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते मला विसरता येत नाही.

आता एक गोष्ट जी ऐकल्यावर लोक चक्रावतात. लहान फ्लेमिंगो नीलहरित शेवाळ खातात, आणि खाडीत ते इतकं वाढण्यामागं शहराचं सांडपाणी, म्हणजे त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस, हे एक कारण अभ्यासक सांगतात. म्हणजे गुलाबी पक्षी दिसले म्हणून पाणी स्वच्छ असं अजिबात नाही. पक्ष्यांना चाललं ते जिताड्याला चालेल असं नाही ना.

दुपारी एमआयडीसीत शिरलो. थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय हा पट्टा कळत नाही. महाराष्ट्राची एमआयडीसी १९६२ ला सुरू झाली, पहिली वसाहत ठाण्यातलं वागळे इस्टेट, आणि मग खाडीच्या या बाजूला दिघ्यापासून नेरुळपर्यंत टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा. नोसिल, हर्डिलिया, पीआयएल, स्टँडर्ड अल्कली ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीत "कंपनीत लागला" या वाक्यासोबत यायची. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, म्हणजे कारखाने आधी आले, शहर मागून आलं. आणि त्याच्याही आधी इथं आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं आणि मासेमारी होती, ती जमीन कशी गेली आणि १९८४ च्या जानेवारीत तिच्या मोबदल्याच्या आंदोलनात जासई परिसरात काय घडलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसांचे जीव कसे गेले, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे.

पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, म्हणजे कारखाने उभे राहिल्यानंतरचा. बरीच वर्षं प्रत्येकानं आपापलं बघायचं असंच होतं. मग २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, ७० च्या वर गेले ते अतिप्रदूषित, असे ४३ निघाले आणि त्यात नवी मुंबई ७३.७७ गुणांनी होती. जानेवारी २०१० मध्ये केंद्रानं अशा सगळ्या ठिकाणी नव्या प्रकल्पांच्या आणि विस्ताराच्या मंजुऱ्या थांबवल्या, ज्यांनी सुधारणेचा आराखडा दिला त्यांची बंदी हळूहळू उठली. रबाळ्यात टपरीवर भेटलेले एक काका, प्लेटिंगचं, म्हणजे सुट्या भागांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचं छोटं युनिट आहे त्यांचं, म्हणाले की विस्तार अडकल्यावर मोठ्या कंपन्यांचे साहेब पहिल्यांदा नाल्याकडं बघायला लागले.

काकांनी युनिट दाखवलं. आत आम्लाचा वास, बाथच्या, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाक्या, रॅकला लटकवलेले जॉब, म्हणजे मुलामा द्यायचे भाग, आणि पाण्याच्या तीन टाक्या एकापाठोपाठ. पूर्वी जॉब बाथमधून काढला की वाहत्या नळाखाली धुवायचे, सगळं निकेल-क्रोम त्या पाण्यातून नाल्यात. आता ताजं पाणी शेवटच्या टाकीत पडतं, तिथून मधल्या, मग पहिल्या टाकीत उलटं वाहत येतं आणि जॉब त्याच्या विरुद्ध दिशेनं जातो, म्हणजे तेवढंच काम फार कमी पाण्यात होतं, आणि पहिल्या टाकीतलं धातू मिसळलेलं पाणी काही वेळा परत बाथमध्येच घालता येतं. धातू महाग, पाणी महाग, स्लज, म्हणजे उरलेला घातक गाळ, उचलायचा खर्च त्याहून महाग, त्यामुळं हे त्यांना परवडलं. हेक्झाव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमचा जास्त विषारी प्रकार, त्यांनी कधी बंद केलं विचारलं तर उत्तर ऐकून मी थांबलोच. आपल्या प्रदूषण मंडळामुळं नाही, युरोपमुळं! १ जुलै २००६ पासून तिकडं इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये त्याच्यावर मर्यादा आली, गिऱ्हाईक पुण्याची कंपनी, ती माल तिकडं पाठवायची, तिनं यांना सांगितलं कमी विषारी ट्राय क्रोमवर या नाहीतर ऑर्डर बंद. ब्रुसेल्समध्ये झालेला नियम रबाळ्याच्या गाळ्यातली टाकी बदलतो, हे मला फार मोठं वाटतं.

पण काकांचं म्हणणं इथं संपत नाही, आणि या सगळ्या फिरण्यातून मला जे कळलं ते त्यांच्याच बोलण्यात होतं. ते म्हणाले, "नियम पाळायची माझी तयारी आहे हो, पण पाळायला जागा तरी पाहिजे. माझ्या गाळ्यात सांडपाणी शुद्ध करायचा पूर्ण प्लांट, ईटीपी, कुठं बसवू?" त्यांचं पाणी गाळ्यातच प्राथमिक प्रक्रिया करून सामाईक प्रक्रिया केंद्राला जातं, ज्याला सगळे सीईटीपी म्हणतात. टीटीसीचं सीईटीपी दिवसाला २७ दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे. स्लज सामाईक घातक कचरा केंद्राला जातो. म्हणजे ज्या दिवशी लाइन आली आणि केंद्र आलं त्या दिवशी छोट्या माणसाला कायदा पाळणं शक्य झालं. त्याआधी त्याच्याकडं दोनच रस्ते होते, धंदा बंद करा किंवा रात्री नाल्यात सोडा. ज्यांनी दुसरा निवडला ते चुकलेच, पण पहिला रस्ता कोणी स्वखुशीनं घेईल अशी अपेक्षा करणारं धोरणही चुकलं होतं.

रात्रीचं सोडणं पूर्ण थांबलंय असं मी म्हणणार नाही. एका नाल्याच्या पुलावर उभा राहिलो तर पाणी काळपट आणि वर फेस, वास नाकात बसला. कोणाचं ते मला सांगता येणार नाही आणि नाल्यावरून सांगताही येत नाही, हीच तर अडचण आहे. कोणाचं म्हणून सिद्ध करायला प्रत्येक गेटच्या आत मीटर लागतो, पुलावर उभं राहून उपयोग नाही.

मग कोपरखैरणे. इथं जुन्या डम्पिंगवर माती टाकून बाग केली आहे, निसर्ग उद्यान, आजूबाजूची म्हातारी माणसं चालायला येतात, आम्ही लहानपणी तिथून नाक दाबून जायचो. पण मला बघायचं होतं ते नवी मुंबई महापालिकेचं सांडपाणी केंद्र. एकाच टाकीत आधी पाणी भरून हवा मारतात, मग हवा बंद करून गाळ खाली बसू देतात, मग वरचं नितळ पाणी काढून घेतात, चक्र परत सुरू. याच्या पुढं पालिकेनं कोपरखैरणे आणि ऐरोली अशा दोन ठिकाणी दिवसाला प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे प्लांट बसवले, ते हे पाणी अल्ट्राफिल्ट्रेशनच्या बारीक पडद्यांतून गाळून एमआयडीसीला देतात. म्हणजे कोपरखैरणे-ऐरोलीच्या घरातलं संडास-मोरीचं पाणी रबाळ्या-पावण्याच्या कारखान्यात. हे नीट चाललं तर बारवी धरणाचं तेवढं पाणी वाचतं, आणि बारवीवर अवलंबून असलेल्या डोंबिवली आणि दिवा स्टेशनकडं उन्हाळ्यात काय हाल असतात ते कल्याण लाइनच्या माणसाला विचारा.

काकांना हे पाणी चालेल का विचारलं होतं. म्हणाले धुवायला, कूलिंग टॉवरला चालतं, पण बॉयलरला नाही, कारण अल्ट्राफिल्ट्रेशननं विरघळलेले क्षार जात नाहीत, टीडीएस तसाच राहतो, त्याला पुढं आरओ लावावा लागतो आणि आरओ लावला की खारट पाणी उरतं, ते परत कुठं घालायचं? मला वाटतं खरं इंजिनीअरिंग इथं आहे, चकाचक प्रेझेंटेशनमध्ये नाही. पुढचा सामाईक प्लांट आरओचा असायला पाहिजे, आणि त्याचा खर्च ज्यांची टर्नओव्हर मोठी आहे त्यांनी जास्त उचलायला पाहिजे.

संध्याकाळी महापे-घणसोलीकडून परत येताना डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या भिंती लागल्या. जुन्या केमिकल पट्ट्यात आता हे आणि आयटी पार्क. नाल्याला यांचा त्रास नाही हे खरं, पण वीज आणि कूलिंगचं पाणी यांनाही प्रचंड लागतं आणि नोकऱ्या जुन्या कंपन्यांइतक्या देत नाहीत. घणसोली गावात एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी गावातला पोरगा ऑपरेटर म्हणून लागायचा, आता सिक्युरिटीला लागतो. प्रदूषण गेलं आणि सोबत कायमची नोकरीही गेली, तर त्या गावाला तुम्ही "शाश्वत विकास" कोणत्या तोंडानं सांगणार? बोटीवरच्या दादांसारखी कामं, ट्रीटमेंट प्लांटचे ऑपरेटर, लॅबचे केमिस्ट, पडदे बदलणारे फिटर, ही सगळी नियमांमुळं तयार झालेली कामं आहेत, आणि ती आधी इथल्याच गावांतल्या पोरांना शिकवून द्यायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही या बाजूला आलात तर एक करा. कारखान्यांच्या गेटबाहेर बोर्ड असतात, किती सांडपाणी, कोणता घातक कचरा, किती, सुप्रीम कोर्टाच्या २००३ च्या आदेशानं लावलेले. बरेच पुसट झालेत, काहींवर आकडे जुने आहेत, पण ते आपल्याला वाचायलाच लावलेत. मी जिथं जिथं आकडे कोरे दिसले तिथले फोटो काढून प्रदूषण मंडळाच्या तक्रारीत टाकलेत, उत्तर आलं की इथंच लिहितो.