व्हीट्यूबर टीव्हीवर गेले तेव्हा

तोक्योत राहायला आल्यापासून घरच्या फोनवर आईचा एक प्रश्न ठरलेला असतो, "ते कार्टून खरं की खोटं?" भाचीने तिला व्हीट्यूबर दाखवल्यापासूनचा हा घोळ. चित्र खोटं, माणूस खरा! कॅमेऱ्यापुढे कुणीतरी बसलेलं असतं, त्याच्या मानेची, डोळ्यांची, ओठांची हालचाल सॉफ्टवेअर टिपतं आणि पडद्यावरची पोरगी तशीच मान वेळावते. 2016 च्या अखेरीस किझुना आय नावाच्या पात्राने स्वतःला व्हर्च्युअल यूट्यूबर म्हणवून घेतलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत इथे या मंडळींचं पीकच आलं.

मग टीव्हीवाल्यांना मोह झाला. जानेवारी 2019 मध्ये 'बाचारु-सान वा मितेइरु' ही ॲनिमेटेड स्किटची, म्हणजे छोट्या विनोदी प्रसंगांची, मालिका आली. 12 भाग, तिसाहून जास्त व्हीट्यूबर. मिराई आकारी, सिरो अशी तेव्हाची गाजलेली नावं. मी हौसेने पाहायला बसलो, पण हसू काही फारसं फुटेना.

त्यात निजिसान्जी या व्हीट्यूबरांच्या गटातली त्सुकिनो मितोही होती. दिसायला वर्गाची शिस्तप्रिय मॉनिटर, काळे केस, नीटनेटका युनिफॉर्म. पण स्ट्रीमवर, म्हणजे यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणात, बोलायला लागली की असलं काहीतरी विचित्र सांगते, की लोक लोटपोट. गंमत त्या रूपाच्या आणि तोंडाच्या विसंगतीत आहे, आणि ती उमलते समोर धावणाऱ्या प्रेक्षकांच्या चॅटमुळे. आपल्या बतावणीतला सोंगाड्या पब्लिकमधून आलेली शिट्टी उचलतो आणि तिच्यावरच पुढचा टोला हाणतो, तसं. त्याच सोंगाड्याला बंद खोलीत दुसऱ्याने लिहिलेलं पाठांतर म्हणायला लावा, मग बघा. मालिकेत मला तेच जाणवलं. वाक्य संपलं की पोकळी. आवाज त्यांचाच, पण माणसं ती नव्हेत.

त्याच वर्षी होलोलाइव्ह या दुसऱ्या व्हीट्यूबर गटाने, म्हणजे तो चालवणाऱ्या कव्हर नावाच्या कंपनीने, टीव्हीच्या वाटेला न जाता आपल्याच यूट्यूब चॅनलवर 'होलो नो गुराफिती' सुरू केलं. दर रविवारी काही मिनिटांचं 3डी स्किट, आवाज ज्याचा त्याचा. दिसायला साधंच, कधीकधी तर ओबडधोबड. पण इथे विनोद कोऱ्या कागदावर जन्मत नाही, तो स्ट्रीमवर आधीच पिकलेला असतो. होलोलाइव्हच्याच ओझोरा सुबारुचा घोगरा आवाज ऐकून चाहत्यांनी तिला बदक ठरवलं, आणि ते बदक पुढे स्किटमध्येही फिरायला लागलं. प्रेक्षक ते पाहून हसतो, कारण त्या थट्टेत त्याचाही वाटा आहे. चॅट दिसत नाही, पण त्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं.

नव्या माणसाचे मात्र हाल! सबटायटल वाचून शब्द कळतात, हसायचं कशाला ते कळत नाही. ऑफिसातला एक तरुण सहकारी, जो एरवी कामापुरतंच बोलतो, तो मला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आदल्या दिवशीच्या स्किटचे संदर्भ समजावून सांगतो. फार गांभीर्याने सांगतो, हे विशेष.

नवख्यांना सोपं करून सांगण्याच्या भानगडीत कव्हर कंपनी फारशी पडत नाही. मार्च 2023 मध्ये ती तोक्योच्या शेअर बाजारात दाखल झाली, तेव्हा तिचा हिशेब काही चुकलेला नसावा.