क्लासिक 350 चं पुढचं चाक: आऊट (चाकाचा वाकडेपणा), टायर आणि बॅलन्सिंग सगळं घरच्या घरी (कोल्हापूर, तीन शनिवार-रविवारचं काम)

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आता काम पूर्ण झालं म्हणून सगळं सविस्तर टाकतोय. गाडी 2014 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, तारांची चाकं, पुढे 90/90-19, मागे 110/90-18, दोन्ही ट्यूबवाले. पुढचा टायर गेल्या उन्हाळ्यात एका दुकानात बदलून घेतला आणि तेव्हापासून 75 च्या पुढे काटा गेला की हँडल थरथरायला लागायचं. गावात काही नाही, रंकाळ्यावर फेरी मारली तर लोण्यासारखी गाडी, पण हायवेला कागलच्या बाजूला किंवा इकडे किणी टोलनाक्याकडे जरा मोकळा रस्ता मिळाला की 75 ते 85 मध्ये हातातून मुंग्या. 90 ला परत जरा कमी. दोन ठिकाणी दाखवलं, दोघंही म्हणाले बुलेट आहे, थरथरणारच. मला ते पटलं नाही कारण जुन्या टायरवर हीच गाडी थरथरत नव्हती.

बॅलन्सिंगसाठी कारच्या टायरवाल्यांकडे गेलो तर त्यांच्या मशीनला बाईकचं चाक लावायचा अडॅप्टर नाही. मग म्हटलं आपणच करू. बाईकचं चाक अरुंद असतं त्यामुळे त्याला कारसारखं फिरवून दोन्ही बाजूंचं वजन बघायची गरज पडत नाही, नुसतं स्थिर बॅलन्स, म्हणजे चाक मोकळं सोडून जड बाजू खाली येते का बघणं, एवढं पुरतं. आणि त्याला मशीन लागत नाही, चार बेअरिंग आणि एक सरळ सळई लागते.

पहिला शनिवार: स्टँड

उद्यमनगरात जाऊन 12 मिमीची ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी सळई) घेतली, दीड फूट. घेताना काचेवर लोळवून बघा, जरा जरी वाकडी असेल तर उजेडाची फट दिसते, मी तिसरी सळई उचलली तेव्हा कुठं सरळ निघाली. लेथवाल्याकडून नायलॉनचे दोन कोन फिरवून घेतले, आत 12 मिमीचं भोक आणि कसायला स्क्रू. हे कोन दोन्ही बाजूंनी चाकाच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बसतात आणि सळई बरोबर मध्यभागी येते.

मग चार 6202 बेअरिंग, जुन्या बाजारातून. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं आणि वर रबरी सील असतं, त्यामुळे एक्सलवर चाक टांगून फिरवलं तर 15-20 ग्रॅमचा फरक ते दाखवतच नाही, मध्येच अडकून थांबतं. म्हणून सळई सकट चाक फिरलं पाहिजे आणि सळई ज्या बेअरिंगवर टेकते ती एकदम मोकळी हवीत. मी चारही बेअरिंगची सीलं काढली, डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुतली, वाळवली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. बोटाने टिचकी मारली की फिरतच राहतात. प्रत्येक बाजूला दोन बेअरिंग शेजारी शेजारी, मधल्या खाचेत सळई. सागवानी फळीचे दोन उभे खांब, खाली प्लाय, स्पिरिट लेव्हलने लेव्हल. सगळा खर्च एका टायरच्या किमतीच्या बराच आत झाला आणि स्टँड जन्मभराचं झालं.

संध्याकाळी पुढचं चाक उतरवलं. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या पॅडमध्ये लगेच लाकडाची चपटी पट्टी सारून ठेवा, घरात कुणी सहज म्हणून ब्रेकचा दांडा दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि परत दाबायला वैताग होतो. स्पीडोमीटरचा ड्राइव्ह काढून बाजूला, डिस्क मात्र चाकावरच ठेवली कारण ती चाकाबरोबर फिरते, तिचंही वजन मोजायचंच.

चाक स्टँडवर ठेवलं आणि सोडलं. आधी एक पाव फेरी, मग उलटी, घड्याळाच्या लंबकासारखं झुलत झुलत थांबलं. खडूने वरच्या टोकाला खूण केली, परत फिरवलं, परत तीच खूण वर. पाच वेळा केलं पाचही वेळा तेच. मग खुणेच्या जागी तारेला चिकटपट्टीने नाणी आणि नट बांधत गेलो, चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबायला लागलं तेव्हा ते सगळं काढून किचनच्या काट्यावर ठेवलं, 45 ग्रॅम.

45 ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशोब करून बघा, ह्या चाकाचा घेर साधारण 2 मीटर, 80 च्या स्पीडला ते सेकंदाला 11 वेळा फिरतं. रिमच्या काठाजवळचे 45 ग्रॅम तेव्हा बाहेरच्या बाजूला जवळपास 5 किलोचा जोर लावतात, आणि तो जोर सेकंदाला 11 वेळा वर-खाली-पुढे-मागे फिरतोय. 40 ला स्पीड निम्मा पण जोर पाव, म्हणजे सव्वा किलो, म्हणून गावात कळत नव्हतं. हा आकडा कागदावर आला तेव्हा मला खरंच बरं वाटलं, इतके दिवस गाडीच तशी म्हणणाऱ्यांचं ऐकून गप्प बसलो होतो.

रविवार: आऊट

लगेच वजन लावायचा मोह झाला होता. पण आमच्या गल्लीत एक काका आहेत, त्यांनी तीसेक वर्षं सायकलचं दुकान चालवलं, ते सकाळी फिरायला निघाले होते आणि स्टँड बघून आत आले. चाक एकदा फिरवलं, डोळा बारीक करून रिमकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं, आधी आऊट काढ की. वाकड्या चाकाला वजन लावून काय उपयोग?"

मी म्हटलं काका, डोळ्यांना तर काही दिसत नाही. त्यांनी खांबाला एक प्लॅस्टिकचा टाय बांधला, त्याचं टोक रिमच्या काठापाशी आणलं आणि चाक हळू फिरवायला लावलं. एका जागी टोक घासतंय आणि समोरच्या बाजूला फट. फीलर गेजची (फट मोजायची पातळ पत्र्याची) पानं एकत्र करून मोजलं, 3 मिमी. बहुतेक मॅन्युअलमध्ये 2 मिमीपर्यंत चालतं म्हणतात, त्याच्या वर गेलो होतो.

मग त्यांनी पान्याच्या टोकाने एकेक तारेला टिचकी मारायला सुरुवात केली. "आवाज ऐक बघू." चांगल्या तारेचा आवाज टणटणीत, पितळी भांड्यासारखा, आणि घासणाऱ्या जागेजवळच्या तीन तारा ठप्प, ओल्या लाकडावर मारल्यासारख्या. त्या ढिल्या झाल्या होत्या. मी गाडी घेतल्यापासून तारांना कधी हात लावला नव्हता हे खरं, पंक्चरवाला काढतो तेवढंच काय ते चाकाचं दर्शन.

काम करायची पद्धत अशी. रिम डावीकडे गेलं असेल तर त्या जागी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उजव्या बाजूने येणाऱ्या तारा कसायच्या आणि डावीकडच्या तेवढ्याच सोडायच्या, एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. निपल (तार रिमला कसणारा नट) फिरवताना गोंधळ होतो, टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने कसतं, हबकडून बघितलं तर उलटं. निपलच्या मुळाशी आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलेलं बरं, मी ते केलं नव्हतं, त्यामुळे दोन निपल चावीखाली गोल व्हायच्या बेतात आले, तेल सोडून दुपारपर्यंत वाट बघितली. काका जेवायला गेले, परत आले, चहा झाला, दोन तासांत 3 मिमीवरून 1 मिमीच्या आत. शेवटी सगळ्या तारांना परत टिचकी, आता सगळ्या जवळपास एका सुरात. तो आवाज मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलाय.

दुसरा शनिवार: टायर उतरवणे-चढवणे

आऊट काढताना टायरकडे नीट लक्ष गेलं. टायरच्या बाजूला रिमच्या काठाला समांतर एक बारीक उंचवट्याची रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. माझी एका जागी जवळजवळ 4 मिमी आत गेलेली, म्हणजे त्या जागी बीड (टायरची रिममध्ये बसणारी कडक कड) रिमवर पूर्ण बसलाच नव्हता. आणि टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्वच्या बरोबर विरुद्ध बाजूला. पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, तो व्हॉल्वजवळ ठेवायचा कारण व्हॉल्वचं वजन तिथं असतं. दुकानात घाईत बसवला असणार. दोष देत बसत नाही, पण तुम्ही टायर बदलून घ्याल तेव्हा तिथंच उभं राहून ठिपका आणि फिरायची दिशा दाखवणारा बाण दोन्ही बघा.

हवा काढली, व्हॉल्वची आतली पिन काढली. बीड सोडवायला मोठा सी क्लॅम्प वापरला, दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे. पायाने उड्या मारून सोडवू नका, डिस्क वाकते, चाक खाली ठेवताना डिस्क वरच्या बाजूला ठेवा किंवा खाली जुना टायर ठेवा. रिमला ओरखडे नकोत म्हणून तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक कापून काठावर घातलं.

आता ह्या सगळ्या कामातली खरी मेख, आणि हे एक कळलं की बाकी सोपं आहे. रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. तुम्ही ज्या जागी लिव्हर लावताय त्याच्या बरोबर समोरचा बीड त्या खोलगट भागात दाबलेला असेल तर इकडे तेवढी ढील मिळते आणि टायर हाताने सरकतो. समोरचा बीड काठावर चढलेला असेल तर पैलवानाला बोलावलं तरी निघणार नाही. ताकद लागतेय असं वाटलं की थांबा आणि समोर जाऊन गुडघ्याने बीड आत दाबा. उतरवताना व्हॉल्वपाशी सुरू करायचं, चढवताना उलट, व्हॉल्वच्या समोर सुरू करून व्हॉल्वपाशी संपवायचं, म्हणजे शेवटी व्हॉल्व आत ढकलून बीडला जागा देता येते.

आत ट्यूबला अर्धा पीळ होता. फ्लॅप (निपलांपासून ट्यूब वाचवणारी पट्टी) सरकून दोन निपलांची टोकं उघडी पडली होती. फ्लॅप नवीन टाकला, निपलची टोकं कानसने सपाट केली, ट्यूबला टाल्कम पावडर चोळली, गोल आकार येईल इतकीच थोडी हवा भरली, ठिपका व्हॉल्वला, बाण फिरायच्या दिशेला, बीडला साबणाचं पाणी.

आणि इथं चुकलो. शेवटची वीतभर जागा राहिली होती, घाई झाली, लिव्हर जास्त आत घातली. त्या वेळी काही जाणवलं नाही, 40 psi पर्यंत हवा भरली, दोन्ही बाजूंचा बीड टाक टाक करून बसला, रेघ सगळीकडे सारखी, मी खूश. रविवारी सकाळी बघतो तर टायरमधली हवा गेलेली. परत सगळं उघडलं तर ट्यूबला लिव्हरच्या टोकाने सापाच्या दातासारखी दोन भोकं. पॅच मारता आला असता पण पुढच्या चाकाला पॅचवर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही, नवीन 19 ची ट्यूब आणली. दुसऱ्या वेळी शेवटची वीत फक्त दोन दोन इंच उचलत घेतली आणि लिव्हर एक इंचापेक्षा आत जाऊ दिली नाही. सोमवारी सकाळी हवा तेवढीच.

तिसरा शनिवार: वजन

चाक परत स्टँडवर. आता 45 च्या जागी 22 ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त दोष नुसता नीट न बसवण्याचा होता. आधीच वजन लावलं असतं तर बीडचा आणि आऊटचा दोष झाकून राहिला असता, आणि वर-खाली उडी मारणारं चाक वजनाने सरळ होत नाही.

अलॉयला चिकटवायची वजनं मिळतात, तारांच्या रिमवर ती नीट बसत नाहीत. मी 2 मिमीची सोल्डरची वायर घेतली, मीटरला साधारण 26-27 ग्रॅम भरते, म्हणजे कापून वजन जुळवणं सोपं. 82 सेंमी कापली, काट्यावर 22. दोन तुकडे करून खुणेच्या दोन्ही बाजूंच्या तारांवर निपलला टेकवून घट्ट गुंडाळले, वर उष्णतेने आवळणारी नळी. ही नळी गुंडाळल्यावर तारेवर चढत नाही, उभी चिरून चढवावी लागते आणि मग वरून इन्सुलेशन टेप. मग चाक चार ठिकाणी, 12, 3, 6 आणि 9 वर सोडून बघितलं. चारही ठिकाणी स्थिर.

चाक चढवताना एक्सल पूर्ण कसण्याआधी पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबले, म्हणजे फोर्कचे पाय आपोआप सरळ बसतात, आणि निघण्याआधी ब्रेकचा दांडा कडक होईपर्यंत पंप केला. हे विसरू नका, पहिल्या दाबाला दांडा हँडलपर्यंत येतो. हवा मी पुढे 22 psi ठेवतो.

रविवारी पहाटे कागलकडे निघालो. 70, काही नाही. 75 ला हात आपोआप घट्ट झाले, सवयीने. 80 ला हँडलवरची पकड सैल करून बघितली, आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसत होता. आधी ह्या स्पीडला आरशात नुसते ठिपके असायचे. सीटखाली मात्र अजून बारीक थरथर आहे, ती मागच्या चाकाची असावी, पुढच्या शनिवारी ते उतरवतोय. चेन ॲडजस्टरच्या गोल कॅमवरच्या खाचा दोन्ही बाजूंच्या मोजून फोटो काढून ठेवलाय, म्हणजे परत बसवताना चाक तिरकं जाणार नाही.

काकांना 40 किलोमीटरची फेरी मारून आणली. उतरताना त्यांनी पुढच्या तारेला परत एक टिचकी मारली, म्हणाले 500 किलोमीटरने परत आण, नव्या कसलेल्या तारा एकदा ढिल्या होतातच.

सोल्डर वायर बरीच उरलीय आणि स्टँड रिकामाच असतो. कोल्हापुरात कुणाला चाक तपासायचं असेल तर फक्त चाक उतरवून घेऊन या, 12 मिमीची सळई आत जाईल एवढं बघा, शनिवारी दुपारनंतर मी घरीच असतो.